रंग बदलणारा खडा : अलेक्झांड्राइट

आईबरोबर साडीखरेदीला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. दुकानदार गादीवर एकामागून एक साड्या उलगडीत जातो. एखादी मनात भरते. पण आई लगेच पैसे काढीत नाही. साडीचा पदर हातात धरून ती दुकानाच्या दाराशी जाते आणि बाहेरच्या उजेडात रंग निरखून पाहते. आत जांभळी वाटलेली साडी घरी आल्यावर किरमिजी निघाली, असा अनुभव तिने एकदा तरी घेतलेला असतो. आईने पदार्थविज्ञान शिकलेले असो वा नसो, ती त्या वेळी एक प्रयोगच करीत असते. वस्तू तीच ठेवायची आणि फक्त प्रकाश बदलायचा.

साडीच्या बाबतीत हा फरक उन्नीस-बीसचा असतो. पण दाराशी चक्क हिरवी दिसणारी वस्तू आत दिव्याखाली आणताच तांबडी दिसू लागली तर? कोणीही म्हणेल, हा डोळ्यांचा भ्रम आहे किंवा दुकानदाराची हातचलाखी आहे. निसर्गात मात्र असे एक खनिज खरोखरच आहे. त्याचे नाव अलेक्झांड्राइट. दिवसाच्या उजेडात तो पाचूच्या कुळातला वाटतो आणि मेणबत्तीच्या उजेडात माणकाच्या.

हा खडा प्रथम सापडला तो रशियातील उरल पर्वतात, येकातेरिनबुर्ग शहराच्या पूर्वेस, तोकोवाया नदीच्या परिसरात. तेथे १८३० च्या सुमारास पाचूच्या खाणी सुरू झाल्या होत्या. त्या खाणींतून निघालेले काही हिरवे खडे फिनलंडचे खनिजशास्त्रज्ञ नील्स नोर्देन्शोल्ड यांच्याकडे तपासणीसाठी आले. प्रथमदर्शनी त्यांना ते पाचूच वाटले. पण खड्यांचे काठिण्य पाचूपेक्षा जास्त भरले. पुढे मेणबत्तीच्या उजेडात पाहिले, तर हिरवे खडे तांबडे! रशियाचा युवराज अलेक्झांडर १८३४ मध्ये सोळा वर्षांचा होऊन वयात आला होता. त्याचे नाव या खनिजाला देण्यात आले. हिरवा आणि तांबडा हे रशियाच्या शाही सैन्याचे रंग, त्यामुळे हा खडा दरबारात लगेच लोकप्रिय झाला. तो नेमका युवराजाच्या वाढदिवशीच सापडला अशीही एक कथा सांगतात, पण अभ्यासकांना ती नंतर जुळवलेली वाटते. मलाही तसेच वाटते. खाणी पंचांग पाहून रत्ने देत नाहीत.

आता या खनिजाची ओळख करून घेऊ. क्रिसोबेरिल नावाचे एक खनिज आहे. त्याच्या रेणुसूत्रात बेरिलियमचा एक, ॲल्युमिनियमचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. शुद्ध क्रिसोबेरिल रंगहीन असते. अल्पसे लोह मिसळले की ते पिवळसर होते. हे नाव तुम्हाला परके वाटेल, पण त्याचा एक प्रकार तुमच्या आजीला नक्की ठाऊक असेल. नवरत्नांपैकी लसण्या, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी उभी चमकती रेघ असलेला खडा, तो क्रिसोबेरिलच असतो. हा केतूचा खडा म्हणून विकला जातो. केतू हा ग्रहच नव्हे. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदते त्यांपैकी तो एक बिंदू आहे. एका बिंदूला खडा कशाला लागतो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. असो.

या क्रिसोबेरिलमध्ये थोडे क्रोमियम शिरले की त्याचा अलेक्झांड्राइट होतो. थोडे म्हणजे किती? साधारणपणे एक टक्क्याहूनही कमी. स्फटिकात जेथे ॲल्युमिनियमचा आयन बसायचा, तेथे क्वचित एखाद्या जागी क्रोमियमचा आयन जाऊन बसतो, एवढेच. काठिण्य मोहसच्या मापनश्रेणीत ८.५, म्हणजे पुष्कराजाहून कठीण आणि माणकाहून थोडे मऊ. घनता पाण्याच्या सुमारे ३.७३ पट, वक्रीभवनांक १.७५ च्या आसपास. यातला घनतेचा आकडा लक्षात ठेवा, तो शेवटी उपयोगी पडणार आहे. उरलच्या स्फटिकांत पुष्कळदा तीन स्फटिक एकमेकांत गुंतून वाढलेले आढळतात व त्यांचा बाह्य आकार षट्‌कोनी चकतीसारखा दिसतो.

खरे कुतूहल आहे ते रंगाचे. त्यासाठी आधी एका विचित्र गोष्टीकडे पाहू. माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्याला तांबडा रंग देते क्रोमियम. पाचू म्हणजे बेरिलियम व ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट. त्याला हिरवा रंग देते तेही क्रोमियमच! दोन्ही ठिकाणी क्रोमियमच्या आयनावर तेवढाच विद्युत्‌भार असतो आणि दोन्ही ठिकाणी त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन असतात. मग एकात तांबडा आणि दुसऱ्यात हिरवा रंग का?

उत्तर शेजारात आहे. क्रोमियमच्या आयनाभोवतीचे ऑक्सिजन व त्यापलीकडचे इतर अणू मिळून एक विद्युत्‌क्षेत्र निर्माण करतात. त्याला स्फटिकक्षेत्र म्हणतात. या क्षेत्रात क्रोमियमच्या इलेक्ट्रॉनांना ठराविक ऊर्जापातळ्या मिळतात. खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश ते शोषून घेतात. क्षेत्र जोरकस असेल तर ही उडी मोठी, क्षीण असेल तर लहान. माणकात तिच्यासाठी सुमारे २.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, पाचूत सुमारे २.०५. तरंगलांबी काढायची तर १२४० ला या आकड्याने भागा. उत्तर नॅनोमीटरमध्ये येईल. माणकासाठी ५५६ येते आणि पाचूसाठी ६०५. म्हणजे माणिक हिरवा-पिवळा प्रकाश गिळतो, तर पाचू नारिंगी-तांबडा. याखेरीज दोघेही जांभळ्या टोकाकडचा एक पट्टा शोषतात. माणकातून मुख्यतः तांबडा प्रकाश सुटून येतो आणि पाचूतून मुख्यतः हिरवा. उर्जेतला फरक जेमतेम आठ टक्क्यांचा, पण रंग वर्णपटाच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला!

अलेक्झांड्राइटमध्ये हाच आकडा आहे सुमारे २.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दोघांच्या बरोबर मधोमध नव्हे, पण दोघांच्या दरम्यान. भागाकार केला तर ५७१ नॅनोमीटर येतात, म्हणजे वर्णपटातला पिवळा भाग. हा पिवळा पट्टा गिळला गेल्यामुळे वर्णपटात दोन खिडक्या उघड्या राहतात. एक हिरव्या-निळ्या प्रकाशाची, ५०० नॅनोमीटरच्या आसपासची, आणि दुसरी तांबड्या प्रकाशाची, साधारण ६५० च्या पुढची. माणकाची तांबडी खिडकी मोठी आणि पाचूची हिरवी मोठी. अलेक्झांड्राइटच्या दोन्ही खिडक्या जवळजवळ सारख्याच उघड्या. सोनाराच्या तराजूची दोन्ही पारडी समतोल असावीत, तशी त्याची स्थिती असते. अशा तराजूवर गुंजभर वजन कोणत्याही बाजूला टाकले तरी काटा झुकतो. येथे ते वजन टाकते कोण? बाहेरून येणारा प्रकाश.

मेणबत्तीचा प्रकाश आणि दिवसाचा प्रकाश यांत नेमका किती फरक असतो, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. कारण आपले डोळे आणि मेंदू सतत जमवून घेत असतात. पांढरा कागद उन्हात पांढरा दिसतो आणि मेणबत्तीजवळही आपण त्याला पांढराच म्हणतो. पण प्लांकच्या सूत्राने हिशोब केला की फरक समोर येतो. तांबड्या (६५० नॅनोमीटर) प्रकाशाची मात्रा प्रत्येक वेळी १०० धरू. दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्विन तापमानाच्या तप्त वस्तूसारखा मानला, तर हिरव्या-निळ्या (५०० नॅनोमीटर) प्रकाशाची मात्रा सुमारे ११० येते. तारेच्या जुन्या बल्बसाठी (२८०० केल्विन) ती ३५ येते. मेणबत्तीच्या ज्योतीसाठी (१९०० केल्विन) अवघी ११!

आता डोळ्यांचा वाटा पाहा. आपल्या डोळ्यांना तांबड्या टोकाचा प्रकाश कमी जाणवतो. ६५० नॅनोमीटरच्या मानाने ५०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना सुमारे तिप्पट उजळ वाटतो. तेव्हा वरच्या आकड्यांना तिनाने गुणा. दिवसा हिरव्याचे पारडे ३३० आणि तांबड्याचे १००. मेणबत्तीजवळ हिरव्याचे ३३ आणि तांबड्याचे तेच १००. दिवसा तिनास एक आणि रात्री एकास तीन! बल्बखाली १०५ विरुद्ध १००, म्हणजे काटा जवळजवळ मध्ये. आणि खरोखरच पुष्कळसे अलेक्झांड्राइट बल्बच्या उजेडात लालभडक दिसत नाहीत, तर जांभळट लाल किंवा तपकिरी लाल दिसतात. हा हिशोब ढोबळ आहे. खिडक्यांची रुंदी किती, खडा किती जाड, डोळे कोणत्या उजेडाला सरावलेले, हे सारे यात धरलेले नाही. पण गोष्ट कशी घडते, ते यावरून कळायला हरकत नाही.

माझ्या शब्दांवर विसंबू नका. यातला अर्धा भाग तुम्हाला घरी पडताळता येईल. एखादी जुनी, टाकाऊ सीडी घ्या. तिच्यावरील अतिसूक्ष्म चाकोऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे करतात. दिवसा खिडकीतून येणारा आकाशाचा उजेड तिच्यावर घेऊन रंगपट्टा पाहा. (सूर्याचे थेट प्रतिबिंब मात्र तिच्यात पाहू नका, डोळ्यांना इजा होईल.) रात्री अंधाऱ्या खोलीत वडीलधारे माणूस जवळ असताना मेणबत्ती लावा आणि पुन्हा पाहा. तांबडा आणि पिवळा भाग ठसठशीत दिसेल, हिरवा फिका पडलेला आणि निळा जेमतेम असेल. आता तोच प्रयोग ट्यूबलाइटने किंवा पांढऱ्या एलईडी दिव्याने करा. रंगपट्टा निराळाच दिसेल. थंड पांढऱ्या एलईडीत निळा-हिरवा भाग भरपूर आणि तांबडा कमी असतो. तिच्या उजेडात अलेक्झांड्राइट हिरवाच राहतो. नोर्देन्शोल्ड यांच्या टेबलावर मेणबत्तीऐवजी असा दिवा असता, तर या खड्याचे रहस्य उघड व्हायला आणखी वेळ लागला असता!

एक सावधगिरीची सूचना. अलेक्झांड्राइटचा स्फटिक एकाच प्रकाशात वेगवेगळ्या दिशांनी फिरवून पाहिला तरी रंग बदलतो. एका दिशेने हिरवा, दुसरीने नारिंगी, तिसरीने लालसर. हा गुण आणखीही बऱ्याच खनिजांत असतो आणि त्याचा दिव्याशी संबंध नसतो. दोहोंची गल्लत करू नये. परीक्षेत तर मुळीच करू नये.

हा खडा इतका दुर्मिळ का? त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. पृथ्वीच्या कवचाच्या दर दहा लाख भागांत क्रोमियम सुमारे १०० भाग आणि बेरिलियम अवघे २-३ भाग. पण प्रश्न फक्त प्रमाणाचा नाही. ही दोन मूलद्रव्ये राहतात वेगवेगळ्या घरी. क्रोमियम असते खोलवरून आलेल्या, मॅग्नेशियम व लोह भरपूर असलेल्या काळपट खडकांत. बेरिलियम ग्रॅनाइटाचा रस थिजत आला की शेवटी उरलेल्या द्रवात गोळा होते आणि त्या द्रवापासून पेग्मटाइट नावाचे भरड खडक बनतात. दोघांची गाठ पडायची तर हा पेग्मटाइटाचा रस नेमका क्रोमियमयुक्त खडकात घुसायला हवा. तेवढ्यानेही भागत नाही. तेथे सिलिका भरपूर असेल तर बेरिलियम तिच्याशी संयोग पावून बेरिल होते, म्हणजे आपल्याला पाचू मिळतो. सिलिका कमी पडेल तेथेच क्रिसोबेरिल तयार होते. उरलमध्ये अभ्रकयुक्त खडकांत पाचू आणि अलेक्झांड्राइट शेजारी शेजारी सापडतात ते यामुळेच. लोह जास्त शिरले तर हिरव्याचा मळकट ऑलिव्ह होतो आणि रंगबदलाची मजा जाते. एवढ्या अटी पुऱ्या होऊन पुन्हा तो स्फटिक निर्मळ, बिनतड्याचा आणि पैलू पाडण्याजोगा निघाला पाहिजे.

तेव्हा आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात अलेक्झांड्राइट शोधायला कुदळ घेऊन निघू नका. तो लाव्हाचा खडक आहे. त्यात झिओलाइटाचे सुंदर स्फटिक मिळतात, बेरिलियमची रत्ने नाहीत. भारताच्या पूर्व भागातील प्राचीन खडकांत मात्र हा खडा सापडतो. आंध्र प्रदेशात नरसीपट्टणमच्या परिसरात, ओडिशात आणि छत्तीसगडमध्ये गरियाबंद जिल्ह्यातील देवभोगजवळच्या सेंदमुडा येथे तो मिळालेला आहे. श्रीलंकेत तो मूळ खडकात नव्हे, तर रत्नपुरा भागातील नदीगाळाच्या गोट्यांत सापडतो. या रत्नगर्भ थराला तेथील लोक इल्लम म्हणतात. तेथील खडे आकाराने मोठे असतात, पण पुष्कळदा त्यांचा हिरवा ऑलिव्हकडे झुकलेला असतो. उरलच्या खाणींतले उत्तम खडे एकोणिसाव्या शतकातच बरेचसे निघून गेले. नंतर हा खडा केवळ जुन्या दागिन्यांतच पाहायला मिळणार असे व्यापारी म्हणू लागले. तोच १९८७ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात हेमाटिटा येथे तो सापडला. बातमी फुटताच खोदणाऱ्यांची झुंबड उडाली आणि लहानशा जागेतून काही महिन्यांत अतिशय सुंदर रंगबदल दाखवणारे खडे निघाले. टांझानियातील टुंडुरू आणि मादागास्कर येथेही तो मिळतो.

प्रयोगशाळेतही अलेक्झांड्राइट वाढवता येतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत असे खडे बाजारात येऊ लागले. ते नकली नव्हेत. रासायनिक घटना तीच, घनता तीच, रंगबदलही तोच. फरक जन्मस्थानाचा, सूक्ष्मदर्शकातून आतील दोष पाहून तो तज्ज्ञांना ओळखू येतो. याच काळात या स्फटिकापासून लेसरही तयार झाला. जगातला पहिला लेसर १९६० मध्ये मायमन यांनी माणकापासून बनवला होता, म्हणजे तेथेही क्रोमियमच. पण माणकाच्या लेसरची तरंगलांबी ठरलेली असते, अलेक्झांड्राइटच्या लेसरची कमीजास्त करता येते. ७५५ नॅनोमीटरचा त्याचा प्रकाश आज त्वचेवरचे गोंदण आणि नको असलेले केस काढण्यासाठी डॉक्टर वापरतात.

आता घनतेच्या त्या आकड्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी एक अंगठी घेऊन प्रयोगशाळेत आली. तिचे आजोबा रत्नागिरीकडचे; मालवाहू बोटींवर त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. परदेशातील एका बंदरात त्यांनी ती अंगठी विकत घेतली होती. दुकानदाराने अलेक्झांड्राइट म्हणून दिली आणि समोर दिवा लावून रंग बदलूनही दाखवला. घरात त्या अंगठीवर सगळ्यांची मदार होती. मोठ्या भावाच्या शिक्षणासाठी ती विकावी असे ठरत होते. "सर, एकदा बघून सांगाल का?" असे तिने विचारले.

खडा मोठा होता. खिडकीपाशी राखट निळा, दिव्याखाली जांभळा. हिरवा कोठेच नाही, हे पाहताच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण पाहून मत देणे निराळे आणि मोजून देणे निराळे. तिच्या वडिलांची परवानगी घेऊन सोनाराकडून खडा सुटा करून आणला आणि रसायनशास्त्र विभागाचा तराजू मागून घेतला. हवेत वजन २.४० ग्रॅम. दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवला तेव्हा १.८० ग्रॅम. आर्किमिडीजच्या तत्त्वाने हिशोब तिनेच केला. वजनातील घट ०.६०, म्हणून घनता ४.०. अलेक्झांड्राइट असता तर घट ०.६४ यायला हवी होती. चार ही घनता कुरुंदाची, म्हणजे माणिक व नील ज्या खनिजाचे असतात त्याची. खिशातल्या वर्णपटदर्शकातून पाहिले तर निळ्या भागात, ४७५ नॅनोमीटरला, एक बारीक काळी रेघ होती. ती व्हॅनेडियम घातलेल्या कृत्रिम कुरुंदाची खूण. ज्वालेत पूड वितळवून कुरुंदाचे असे खडे विसाव्या शतकाच्या आरंभापासून बनत आले आहेत, आणि बंदरोबंदरी प्रवाशांना अलेक्झांड्राइट म्हणून विकले गेले आहेत.

मी तिला तसे सांगितले. किंमत सोन्याची तेवढी येईल, हेही सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. खडा उचलून खिडकीपाशी नेला, मग पुन्हा टेबलावरच्या दिव्याखाली आणला. नंतर म्हणाली, "पण सर, खोटा आहे तर मग रंग का बदलतो?"

व्हॅनेडियमलाही पिवळा पट्टा गिळता येतो आणि त्याच्याही दोन खिडक्या उघड्या राहतात, एवढे उत्तर खरे म्हणजे पुरे होते. पण ती एकेक शंका काढीत गेली, मी फळ्यावर वर्णपट काढीत गेलो, आणि घंटा होऊन गेली तरी आम्हाला कळले नाही. वरचा बराचसा लेख त्या दुपारी फळ्यावर लिहिलेलाच आहे.